मोटर का जळाली, हे बारावीला विचारा

कागल, शिरोळ, करवीर, पन्हाळा, कुठल्याही तालुक्यातल्या बारावी सायन्सच्या मुलाला एक प्रश्न विचारून बघा. तीन फेजपैकी एक गेला की नदीकाठची मोटर सुरू न होता नुसती घुमत का राहते, आणि थोड्याच वेळात जळते का? मुलगा बहुधा गप्प बसेल. वडिलांना विचारलं तर ते म्हणतील, "फेज उडाला, दुसरं काय!" वडिलांना कारण माहीत आहे, पण त्यामागचं कारण त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मुलाला सॉलेनॉइडमधल्या चुंबकीय क्षेत्राचं सूत्र पाठ आहे, लेन्झचा नियमही पाठ आहे. फक्त विहिरीवरच्या मोटरचा या सगळ्याशी काही संबंध असेल, अशी शंकासुद्धा त्याला कधी आलेली नाही.

यात मुलाचा दोष नाही, आणि शिक्षकाचाही फारसा नाही. वर्षानुवर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून माझं मत असं झालं आहे की आपण या विषयाला चुकीच्या दारानं आत शिरतो आणि परीक्षाही चुकीच्या गोष्टीची घेतो. कोल्हापुरात तरी विद्युतचुंबकत्वाची सुरुवात तीन फेजच्या इंडक्शन मोटरपासून व्हायला हवी. आणि प्रात्यक्षिकाचे गुण रीडिंग जुळल्याबद्दल मिळू नयेत. आधी अंदाज लिहायचा, मग प्रयोग करायचा, आणि अंदाज चुकला तर का चुकला ते सांगायचं, याचे गुण मिळावेत.

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात चौथा धडा 'विद्युतधारेचे परिणाम' हा आहे. त्यात मोटर आहे, पण ती डीसी मोटर. दोन चुंबकांच्या मध्ये तारेची चौकोनी कॉईल, खाली धारेची दिशा उलटवणारा कम्युटेटर आणि त्याला टेकून फिरत्या कॉईलला वीज पोहोचवणारे ब्रश. आकृती सुबक आहे, बोर्डाच्या परीक्षेत नावं द्यायला सोपी आहे. ही मोटर मुलाला प्रत्यक्षात भेटते कुठे? खेळण्यातल्या गाडीत. मिक्सरमध्ये ब्रश आणि कम्युटेटर असतात खरे, पण तिथे कायमचा चुंबक नसतो, त्याच्या जागी दुसरी कॉईल असते. बाकी छताचा साधा पंखा, पिठाची गिरणी, इचलकरंजीचे यंत्रमाग, उद्यमनगरातली लेथ, भोगावती आणि पंचगंगेच्या काठावरचे पंप, हे सगळं इंडक्शन मोटरवर चालतं. जिल्हा जिच्यावर चालतो ती मोटर दहावीच्या धड्यात नाही, आणि बारावीत प्रवर्तनाचा, म्हणजे बदलत्या चुंबकत्वातून धारा निर्माण होण्याचा, स्वतंत्र धडा असूनही तिच्यासाठी कुणी थांबत नाही.

थांबायला हवं, कारण या मोटरच्या पोटात एक कोडं आहे. तिच्या फिरणाऱ्या भागाला, रोटरला, कुठूनही वायर जोडलेली नसते. ब्रश नाही, कम्युटेटर नाही, कायमचा चुंबक नाही. लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यात ॲल्युमिनिअमचे दांडे ओतलेले असतात आणि दोन्ही टोकांना ते कड्यांनी जोडलेले असतात, एवढंच. मग तो फिरतो कशाने? वर्गात हा प्रश्न टाकला की पहिली दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग मागच्या बाकावरून एखादा म्हणतो, "सर, आत कुठंतरी वायर असणारच की." मोडकी मोटर उघडून दाखवली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

उत्तर सांगायला संपूर्ण धडा लागतो आणि तो धडा त्यासाठीच असतो. मोटरच्या न फिरणाऱ्या भागात, स्टेटरमध्ये, तीन कॉईल एकमेकींपासून १२० अंशांवर बसवलेल्या असतात. त्यांतून जाणाऱ्या तीन फेजच्या धाराही एकमेकींच्या १२० अंशांनी मागेपुढे असतात. तिघींची चुंबकीय क्षेत्रं एकत्र आली की एकच क्षेत्र तयार होतं आणि ते गोल फिरत राहतं, जागचं काहीही न हलता. इटलीत फेरारिसनं १८८५ साली हे दाखवलं, १८८८ साली टेस्लाला अशा मोटरची पेटंटं मिळाली आणि लगेचच डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीनं तीन फेजची मोटर बनवली. फिरणारं क्षेत्र रोटरच्या दांड्यांवरून सरकलं की फॅरेडेच्या नियमानं दांड्यांत धारा निर्माण होते, आणि लेन्झच्या नियमानं ती धारा बदलाला विरोध करू बघते. क्षेत्र पुढे पळतंय, तर त्याला विरोध करायचा म्हणजे त्याच्या मागे पळायचं. म्हणून रोटर फिरतो.

आता मोटरची पाटी बघा. चार पोलची मोटर असेल तर त्यावर साधारण १४४०, म्हणजे मिनिटाचे फेरे, लिहिलेलं असतं. ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलच्या मोटरमधलं क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं. मग ६० फेरे कुठे गेले? फॅक्टरीवाले सांगतात घर्षणात गेले, मुलंही तेच सांगतात. खरं कारण जास्त सुंदर आहे. रोटरनं क्षेत्राला गाठलं, तर दांड्यांच्या दृष्टीनं क्षेत्र स्थिर होईल. बदल संपला की प्रवर्तन संपलं, धारा संपली, जोर संपला. रोटरला मागे राहावंच लागतं. १५०० आणि १४४० या दोन आकड्यांत फॅरेडेचा आख्खा नियम आहे आणि तो प्रत्येक वाडीवस्तीवरच्या पंपावर छापून ठेवलेला आहे. मुलाला पाठ असलेली "फ्लक्सच्या (कॉईलमधून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांच्या) बदलाचा दर" ही व्याख्या या पाटीसमोर उभी राहिल्याशिवाय त्याच्या अंगी लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक फेज गेला की काय होतं हेही याच वाटेनं कळतं. उरलेल्या दोन वायरींतून एकच धारा जाते. तिचं क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी मागेपुढे होतं. थांबलेल्या रोटरला कुठल्या दिशेनं जायचं तेच कळत नाही, तो घुमत बसतो आणि वायंडिंग नेहमीच्या कितीतरी पट धारा ओढत तापतं. शेतकरी यावर जुगाड करतो, कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, लावून दोन फेजवर मोटर ओढतो. महावितरणला ते खपत नाही आणि मोटरलाही ते मानवत नाही, मी त्याची शिफारस करत नाही. पण तो जुगाड म्हणजे बारावीच्या एसी सर्किटच्या धड्यातली कपॅसिटरची ९० अंशांची गोष्ट आहे: त्याच्यातली धारा व्होल्टेजच्या ९० अंश पुढे असते. हरवलेल्या फेजच्या जागी मागेपुढे सरकवलेली धारा उभी करायची आणि क्षेत्राला पुन्हा फिरायला लावायचं! फेझरची आकृती काढून दमलेल्या मुलाला हे कुणी सांगत नाही.

रिवायंडिंगच्या दुकानात गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. जळलेली मोटर उघडली की मिस्त्री आधी हत्यार उचलत नाही, नुसतं बघतो. तीनपैकी दोन फेजच्या कॉईल काळ्याठिक्कर आणि तिसरी जशीच्या तशी असेल, तर स्टार जोडणीची (तिन्ही कॉईलचं एकेक टोक एकत्र बांधलेली) मोटर दोन फेजवर चालली होती, हे तो मालकानं तोंड उघडायच्या आत सांगतो. सगळं वायंडिंग सारखं भाजलेलं असेल तर लोड जास्त होता. एकाच ठिकाणी काळा डाग असेल तर तिथलं इन्सुलेशन गेलं. हे सरळ सरळ निरीक्षणावरून अनुमान आहे. आपल्या जर्नलमध्ये 'अनुमान' असं शीर्षक असतं आणि त्याखाली पंचवीस वर्षांपूर्वीच्या जर्नलमधून उतरलेलं वाक्य असतं.

मिस्त्रीला डोक्यावर घ्यायचा माझा विचार नाही. त्याच्या ज्ञानालाही भिंत आहे. तो जुन्या कॉईलचे फेरे मोजतो, तारेचं गेज बघतो आणि तसंच भरतो. आधीच्या माणसानं चुकीचं भरलं असेल तर ती चूकही तशीच पुढे जाते. त्याहून मोठी गोष्ट जुनं वायंडिंग काढताना होते. ते सुटावं म्हणून बऱ्याच ठिकाणी स्टेटर चांगला तापवतात. स्टेटरचं लोखंड एकसंध नसतं, पातळ पत्र्यांचं असतं आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा थर असतो, तो लोखंडात भोवरी धारा, म्हणजे भोवऱ्यासारख्या गोल फिरून ते तापवणाऱ्या धारा, फिरू नयेत म्हणून. स्टेटर बेसुमार तापवला की तो थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि मोटर परत आल्यावर पाणी तेवढंच उपसते पण तापते जास्त, वीज खाते जास्त. पत्रे का असतात हे बारावीच्या पुस्तकात दोन ओळींत आहे. ज्याला त्या ओळींची गरज आहे त्याच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत, आणि ज्याच्यापर्यंत पोहोचतात त्याला त्या एका गुणासाठी लागतात.

उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. हातानं शिकलेल्या माणसाचा या शहराला अभिमान आहे, निदान भाषणात. व्यवहारात मात्र दहावीचा निकाल लागला की टक्के असलेला सायन्सला आणि उरलेला आयटीआयला, अशी विभागणी घरोघरी होते. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमधला मुलगा मोटर खरोखर भरतो. सायन्सचा मुलगा मोटरचं सूत्र लिहितो. दोघं एकाच शहरात, कधी एकाच गल्लीत राहतात, पण त्यांना एका टेबलाभोवती बसवायची सोय आपल्या व्यवस्थेत कुठेच नाही. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करणाऱ्या शाहू महाराजांच्या संस्थानाची ही राजधानी. शाळेचं दार सगळ्यांना उघडं झालं. डोक्यानं करायचं शिक्षण वरचं आणि हातानं करायचं खालचं, ही उतरंड शाळेच्या आत मात्र तशीच राहिली, आणि आपल्याकडे ती उतरंड जातीशी किती चिकटून आहे हे वेगळं सांगायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्याची कल्पना आहे. उदाहरणादाखल सुतार, माळी, कुंभार, कलाकार ही नावं दिली आहेत. चांगलं आहे. पण फॅरेडे ज्या वयात समजू शकतो त्या वयापर्यंत ते दहा दिवस संपलेले असतात.

फाउंड्रीची गोष्ट मोटरपेक्षाही जोरकस आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अनेक ठिकाणी कपोला, म्हणजे कोकवरची जुनी भट्टी, जाऊन विजेवरच्या इंडक्शन फर्नेस आल्या. आत रॅमिंग मासचं, म्हणजे ताप सोसणाऱ्या ठोकून बसवलेल्या भुकटीचं, लाइनिंग असलेलं भांडं, बाहेरून तांब्याच्या पोकळ नळीची कॉईल, नळीतून सतत फिरणारं पाणी. कॉईलमध्ये काही शे हर्ट्झची प्रचंड धारा सोडतात. आतल्या भंगाराला ना ज्वाळा लागते ना वायर, आणि तरी लोखंड वितळतं, कारण त्याच्यातच भोवरी धारा फिरतात. वितळलेल्या रसाकडे नीट पाहिलं तर तो मध्यभागी उचललेला दिसतो, टेकडीसारखा. कॉईलमधली धारा आणि रसातली धारा एकमेकींना ढकलतात, रस कडेनं आत दाबला जातो, मध्यात वर येतो आणि आतल्या आत ढवळला जातो. फ्रिक्वेन्सी कमी केली की ढवळणं वाढतं. फर्नेसवरचा माणूस हे रोज बघतो, "मेटल उसळ्या मारतंय" म्हणतो. विद्युत आणि चुंबकत्व एकत्र बांधणारी मॅक्सवेलची समीकरणं तिथे १४०० अंशांना उकळत असतात आणि दोन किलोमीटरवरच्या वर्गात फळ्यावर त्यांची फक्त चिन्हं असतात.

इतिहासानं या विषयाबद्दल जे सांगितलं आहे तेही आपण ऐकत नाही. ओर्स्टेडला १८२० साली धारेजवळ होकायंत्राची सुई हललेली दिसली, तीही व्याख्यान चालू असताना, विद्यार्थ्यांसमोर. धारेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकापासून धारा का मिळू नये, हा प्रश्न लगेच सगळ्या युरोपात पसरला. उत्तराला अकरा वर्षं लागली. मूर्खांना नव्हे, अँपिअर आणि फॅरेडेसारख्यांना. जिनिव्हाच्या कोलादोनचा किस्सा तर मला वर्गात सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८२५ साली त्यानं कॉईलमध्ये चुंबक सरकवून बघितला. चुंबकाचा थेट परिणाम होऊ नये म्हणून काळजीपूर्वक गॅल्व्हानोमीटर शेजारच्या खोलीत ठेवला होता. चुंबक सरकवायचा आणि चालत जाऊन बघायचं. तो पोहोचेपर्यंत काटा शून्यावर परत आलेला असायचा! फॅरेडेच्याही मनात सतत वाहणारी धाराच होती. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन कॉईल गुंडाळून त्यानं एकीचा संबंध बॅटरीशी जोडला आणि तोडला, तेव्हा त्या क्षणापुरता काटा हलला आणि त्याला कळलं की परिणाम असण्याचा नाही, बदलण्याचा आहे. जी गोष्ट त्या माणसांना अकरा वर्षं चकवत राहिली, ती मुलानं एका तासिकेत, एका चौकटीतल्या व्याख्येतून स्वीकारावी असं आपण धरून चालतो. मुलगा स्वीकारतोही. म्हणजे पाठ करतो.

यावर गणिताची बाजू घेणारे म्हणतात की क्षेत्र ही कल्पनाच गणिताशिवाय अपुरी आहे, मोटर दाखवून गंमत होईल, भौतिकशास्त्र होणार नाही. अर्धं खरं आहे. फॅरेडेला गणित जवळजवळ येत नव्हतं. त्यानं डोळ्यांसमोर बलरेषा उभ्या केल्या, आणि त्या रेषांना गणितात आणायला मॅक्सवेल लागला, १८६५ साली. मला दोघंही हवेत. माझं भांडण फक्त क्रमाशी आहे. ज्यानं बलरेषा कधी मनात पाहिल्या नाहीत त्याला फ्लक्सचं इंटिग्रल दिलं तर तो ते सोडवतो आणि कशाचं सोडवलं ते त्याला सांगता येत नाही. बीएस्सीला आलेल्या मुलांत हे रोज दिसतं.

आता परीक्षा. बारावीला फिजिक्सचे ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. दहावीला विज्ञानाच्या दोन पेपरांचे ४० आणि ४०, उरलेले २० शाळेच्या हातात. हे ३० आणि २० कसे पडतात ते सगळ्यांना माहीत आहे. रीडिंग आधीच ठरलेली असतात, जर्नल एकमेकांकडून उतरतं, बाहेरून आलेल्या परीक्षकाचा चहा होतो. क्लासला बांधलेल्या इंटिग्रेटेड मुलांचं तर विचारूच नका, त्यांना प्रयोगशाळेचं दार परीक्षेच्या दिवशी दिसतं. गुणांची खैरात हा मला मोठा प्रश्न वाटत नाही. प्रयोगाचं काम उत्तर जुळवणं हे आहे, अशी समजूत मुलाच्या मनात पक्की होते, तो खरा तोटा आहे.

नुसतं प्रात्यक्षिक दाखवूनही भागत नाही. हार्वर्डमध्ये एरिक मेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं आणि २००४ साली प्रसिद्ध केलं. ज्यांनी प्रयोग फक्त पाहिला ते, ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यापेक्षा जेमतेम पुढे होते. ज्यांना आधी अंदाज करायला लावलं त्यांना मात्र स्पष्ट फायदा झाला. म्हणजे स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लावून "दाखवलं" म्हणणाऱ्यांनी समाधान मानायचं कारण नाही.

मी सुचवतो ते प्रात्यक्षिक असं. जर्मनची एक हलकी ताटली दोऱ्यानं बरोबर मध्यावर टांगायची. तिच्या खाली, न शिवता, जुन्या स्पीकरमधून काढलेला जोरदार चुंबक गोल फिरवायचा. चुंबक ॲल्युमिनिअमला ओढत नाही, हे मुलगा आधी स्वतः तपासतो. मग कागदावर लिहितो: ताटली फिरेल का, कुठल्या दिशेनं, चुंबकाला गाठेल का. मग चुंबक फिरवतो. फ्रान्सच्या अरागोनं १८२० च्या दशकात हेच उलट बाजूनं केलं होतं, तांब्याची चकती फिरवली आणि तिच्यावर टांगलेली चुंबकसुई मागोमाग फिरली; त्या वेळी कुणालाच त्याचं कारण सांगता आलं नव्हतं. इंडक्शन मोटरचं हे उघडं रूप आहे. इथे ४१५ व्होल्ट नाहीत, शॉक नाही, महागडं साहित्य नाही. पंधरा मिनिटं लागतात. अंदाज बरोबर आला म्हणून गुण नाहीत. जे झालं आणि जे वाटलं होतं, त्यांतला फरक कसा समजावून सांगतो, त्याला गुण.

शिक्षकमित्र विचारतील की वर्गात सत्तर-ऐंशी मुलं, लॅब असिस्टंटची जागा रिकामी, हे करायचं कधी? प्रश्न रास्त आहे आणि रिकाम्या जागा भरल्याशिवाय पूर्ण उत्तर मिळणार नाही. पण आज जे वेळापत्रकात प्रात्यक्षिक म्हणून छापलेलं असतं तेवढा वेळ तरी कागदावर आहेच. पालक विचारतील की याचा नीटला, सीईटीला उपयोग काय? थेट उपयोग नाही, आणि मी तसं खोटं सांगणार नाही. सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे एका मिनिटाच्या आत सूत्र आठवणारा जिंकतो. ती परीक्षा बदलणं कोल्हापूरच्या हातात नाही. ३० गुणांची परीक्षा मात्र इथे, आपल्या प्रयोगशाळेत, आपल्याच शिक्षकांसमोर होते.

दुकानदार आणि फाउंड्रीवाले मुलांना आत घेतील का, हा शेवटचा अडसर. फर्नेसपाशी अकरावीचा घोळका नेऊ नये हे मलाही मान्य आहे. तिथे कारखान्याच्या माणसानंच कॉलेजात यावं, कॉईलचा कापलेला तुकडा घेऊन. रिवायंडिंगवाल्यांना मी सहज विचारून बघितलं. त्यांची हरकत वेळेची होती, मुलांची नव्हती. "सीझनमध्ये नको सर, पावसाळ्यात या, तेव्हा हात मोकळा असतो," एक जण म्हणाला, आणि पुढे त्यानंच विचारलं की पत्र्यांचं ते तापवण्याचं प्रकरण कुणी नीट समजावून सांगेल का. पावसाळा म्हणजे जुलै-ऑगस्ट, कॉलेजं सुरू झालेली असतात आणि प्रवर्तनाचा धडा अजून लांब असतो. तो धडा दोन महिने अलीकडे ओढायला कुणाची परवानगी लागत नाही. एक जळका स्टेटर भंगाराच्या भावानं मिळतो. मिस्त्रीच्या दोन तासांचं मानधन लॅब फीमधून द्यावं, ती दरवर्षी प्रत्येक मुलाकडून घेतली जातेच.